कौशल्य कुणाचं, पैसा कुणाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकाचे सामने सुरू झाले तेव्हा आपल्या खेळाडूंच्या जर्सीवर पुरस्कर्त्याचं नावच नव्हतं. आमच्या घरात हे सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. "अगं, ह्यांच्या सदऱ्यावरची अक्षरं गेली कुठं?" मी म्हटलं, कायद्यानं गेली. २० आणि २१ ऑगस्टला संसदेच्या दोन्ही सभागृहांत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे रमी, पोकर, फँटसी क्रिकेट असे सगळे खेळ कंपन्यांनी आठवड्याच्या आत गुंडाळले. जर्सीवरचं नाव अशाच एका कंपनीचं होतं.

त्या महिन्याच्या भिशीत साहजिकच हाच विषय निघाला. "झालं बाई बंद एकदाचं," असं म्हणून सगळ्या उठल्या. एक मैत्रीण मात्र कपबशा विसळायच्या निमित्तानं मागे राहिली. म्हणाली, "तुझं वाचन असतं म्हणून विचारते. आमचा मुलगा म्हणतो, पोकर हा जुगार नाहीच, कौशल्याचा खेळ आहे. कोर्टानंच म्हटलंय म्हणे. सरकारनं चुकीचं बंद केलं म्हणतो. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीतला दिवा चालू असतो. मला त्याला उत्तरच देता येत नाही गं."

हा लेख तिच्यासाठी आहे. उत्तर द्यायचा थोडा अधिकार मला आहे, कारण मी पोकर शिकलेय. नुसती शिकले नाही, पैसे लावून खेळलेय. हे आज पहिल्यांदाच छापून येतंय.

२०२० चा लॉकडाऊन. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पुतण्या आमच्याकडे येऊन राहिला होता. गोकुळाष्टमीच्या जागरणाला पत्ते निघाले. मेंढीकोटाचे चार डाव झाल्यावर तो म्हणाला, "काकू, हे पुरे. तुम्हाला पोकर शिकवतो." चिपा म्हणून चिंचोके वाटले. खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मध्ये आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पानं उघडी मांडतात, ती सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सगळ्यांत भारी पाच पानं जुळवायची. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, ओळीची पाच, एकाच रंगाची पाच, अशी चढती भाजणी. दर टप्प्याला बोली लागते. बोलीइतके चिंचोके टाका, वाढवा किंवा पानं टाकून बाजूला व्हा. हातात काही नसतानाही बोली वाढवून समोरच्याला घाबरवता येतं, हीच यातली गंमत.

त्या रात्री मी घरातले सगळे चिंचोके जिंकले. जन्मभर बदाम सात खेळणाऱ्या बाईला अचानक आपण हुशार आहोत असं वाटलं, तर ते किती गोड वाटतं हे मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको. दुपारी सगळे झोपले की मी मोबाइलवर सराव करायला लागले. आधी फुकटच्या चिपांवर. मग एक दिवस पाचशे रुपये भरले. भरताच बोनसही मिळाला. तीन आठवड्यांत माझे ४,२०० रुपये गेले. नुकतीच लागलेली भिशीची रक्कम होती, त्यातले. ह्यांना सांगितलं नाही.

आता मागे वळून बघितलं की कळतं, चिंचोक्यांवर सगळेच सगळे डाव खेळतात, कारण हरलं तरी चिंचोकेच जातात. पैशांच्या टेबलावर तसं नसतं. दोन एक्के हातात पडण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. मुरलेला खेळाडू बहुतेक डाव बोली न लावता सोडून देतो, वाट बघत बसतो. नवख्याला वाट बघवत नाही. खेळायलाच तर आलोय, मग पानं टाकायची कशाला? माझं हमखास ठरलेलं दुखणं म्हणजे बदाम. हातात दोन बदाम, मधल्या तीन पानांत दोन बदाम, म्हणजे एकच हवा. आता येणारच! प्रत्यक्षात उरलेल्या दोन पानांत तो पाचवा बदाम येण्याची शक्यता शंभरात साधारण ३५. म्हणजे तीनातल्या दोन वेळा येत नाही. हा आकडा मला तेव्हा माहीत नव्हता. टेबलावरच्या ज्या कुणाला तो पाठ होता, तो बोली नेमकी इतकी चढवायचा की बदामाची वाट बघणं मला महागात पडावं.

आणि वेग. चार माणसं सतरंजीवर बसून खेळतात तेव्हा पिसणं, वाटणं, चहा, भांडणं धरून तासाला २५-३० डाव होतात. मोबाइलवर साठाच्या पुढे सहज जातात. सराईत माणूस एका वेळी तीन-चार टेबलं उघडून बसतो. नवख्या खेळाडूला त्यांच्या भाषेत ‘फिश’ म्हणतात, मासा. अर्ध्या तासात टेबलावरचा मासा कोण हे ओळखता आलं नाही, तर तो मासा तुम्हीच, असं त्यांच्यात म्हणतात. मी तीन आठवडे ओळखू शकले नाही.

म्हणजे मैत्रिणीचा मुलगा खोटं बोलत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहेच. प्रश्न आहे तो कुणाचं, हा. रमीत, पोकरमध्ये आपण यंत्राशी खेळत नाही, दुसऱ्या माणसाशी खेळतो. त्याचं कौशल्य म्हणजे आपला तोटा. ‘कौशल्याचा खेळ’ ही पाटी नवशिक्यासाठी धोक्याची पाटी आहे. जाहिरातवाल्यांनी तीच आमंत्रण म्हणून लावली.

कोर्टाचं म्हणाल तर तेही अर्धंच सांगितलं जातं. आपल्याकडचा जुगाराचा कायदा १८८७ चा, इंग्रजांचा, आणि त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये दिला. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कुठलं ठेवायचं कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयानं म्हटलं. हा भाग सगळ्या कंपन्यांना पाठ. पण त्याच निकालात पुढे असंही आहे, की खेळावर पैसे लागत असतील आणि जागेचा मालक त्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. हा भाग मी कुठल्याच जाहिरातीत ऐकला नाही. पोकरचं तर न्यायालयांतही एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं, तर नागालँडनं २०१६ पासून लागू केलेल्या आपल्या कायद्यात त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत बसवलं. एकच पत्ता, राज्य बदललं की अर्थ बदलतो!

मालकाचा नफा म्हणजे काय, हे जरा हिशोब मांडून बघू. प्रत्येक डावात जमलेल्या पैशातून कंपनी आपला वाटा काढून घेते. कुणीही जिंको. समजा सहा जण पाचशे-पाचशे घेऊन बसले, टेबलावर झाले तीन हजार. डावाला सरासरी ६० रुपये जमतात, त्यातले पाच टक्के म्हणजे ३ रुपये कंपनीचे. तासाला ६० डाव, म्हणजे १८० रुपये. दहा तास खेळलं की १,८०० रुपये टेबलावरून उठून गेले. सहाही जण सारखेच हुशार असले तरी सगळ्यांचे मिळून बाराशेच उरतात. आमच्या भिशीत चहा-फराळाचे पैसे वेगळे काढतो, तरी शेवटी प्रत्येकीला तिचे सगळे पैसे परत मिळतात. इथे भिशी चालवणारीच निम्म्याहून जास्त घेऊन गेली. सरकारही मागे नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी.

मग कुणीच जिंकत नाही का? जिंकतात की. मारिया कोनिकोवा नावाची अमेरिकन लेखिका आहे, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली. पत्त्यांच्या कॅटात किती पानं असतात हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. तिनं पोकर शिकून पुस्तक लिहायचं ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन पोकरला परवानगी नाही, म्हणून ही बाई नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊन, कॅफेत बसून छोट्या रकमांवर सराव करायची. जानेवारी २०१८ मध्ये तिनं बहामाला एक स्पर्धा जिंकली, ८४,६०० डॉलरची. तिचं ‘द बिगेस्ट ब्लफ’ हे पुस्तक २०२० मध्ये आलं. वाचून कुणालाही वाटेल, आपणही शिकावं. मात्र तिचा गुरू होता एरिक सायडेल, या खेळातला जगातल्या पहिल्या रांगेतला माणूस. शिकणं हेच तिचं पूर्ण वेळेचं काम होतं. आमच्याकडच्या मुलांचा गुरू कोण? तर जाहिरातीतला नट, आणि त्याच्यामागून भरभर वाचून टाकलेली ती ‘जोखीम आहे’ची ओळ.

नव्या कायद्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बायकांनी ही शेवटची गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी, कारण "पोलीस धरून नेतील" या भीतीनं घरातल्या घरात विषय दाबला जातो. पैसे न लावता खेळायला बंदी नाही. मला कायदा पटतो. सरकारचा उशीर पटत नाही. अशा खेळांत दर वर्षी वीस हजार कोटींच्या आसपास रक्कम लोक गमावतात, असा अंदाज सरकारनंच विधेयकाच्या वेळी दिला. मग दोन वर्षं त्यावर कर घेताना हा अंदाज कुठे होता? जुलै २०२५ मध्ये आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर सभागृहात रमी दिसते आहे, अशी चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. यावर आमच्या भिशीत जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

कायद्यानं दुकानं बंद झाली ती इथे पत्ता असलेल्यांची. बाहेरच्या देशांतून चालणारी संकेतस्थळं मेसेजमधून लिंक पाठवतात, एक बंद केली की दुसऱ्या नावानं येते. तिथे पैसे अडकले तर विचारायचं कुणाला, हा प्रश्नच आहे. मैत्रिणीच्या मुलाच्या खोलीतला दिवा त्यासाठी जळतो की अभ्यासासाठी, मला माहीत नाही. तिला मी एवढंच म्हटलं, कौशल्य आहे की नाही यावर त्याच्याशी वाद घालू नकोस, त्यात तो तुला हरवेल. त्याच्याजवळ बस आणि बँकेचा वर्षभराचा उतारा माग. रात्री अकरानंतरच्या दोनशे-पाचशेच्या नोंदी मोज, भरलेले एका बाजूला, आलेले दुसऱ्या बाजूला. फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करायचा, आणि मूल खचलेलं वाटलं तर १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्याची फुकट सेवा आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ऑगस्टमध्ये खेळ बंद झाल्यावर कंपनीनं पुतण्याच्या खात्यातली शिल्लक परत केली, ३४० रुपये. गणपतीला तो घरी आला होता. मला म्हणाला, काकू, एक हिशोब करायला मदत करा. उतारा छापून आणला होता, एकोणीस पानं. एका रात्रीत बावीस हजार जिंकल्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना त्यानं त्या वेळी सांगितली होती, पेढे पण आणले होते. आम्ही जेवणाच्या टेबलावर पेन्सिलनं बेरजा केल्या, ते बावीस हजार धरून. तरी ८६,००० रुपये गेलेले निघाले. अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, मित्रांकडून उसने.

"काकांना सांगायचं का?" त्यानं विचारलं. चिंचोके मीच आणून दिले होते की त्या रात्री.

मग संध्याकाळी आम्ही दोघं ह्यांच्यासमोर बसलो, आणि आधी मी माझे ४,२०० सांगितले. ह्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू? कधी?"