जहाज-ए-आखिरत

मीरा रोडच्या एखाद्या मुस्लीम मुलाला विचारा, मोहम्मद अली रोडला गेला होतास का? तो हो म्हणेल. काय पाहिलंस? मालपुवा, नल्ली निहारी, फालुदा. रमजानमध्ये आपण तिथे खायला जातो आणि परत येतो. जे. जे. पुलावरून जाताना मिनारा मशिदीचे मिनार दिसतात, तेवढीच काय ती ओळख. खरं तर यातल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा डोंगरी, नागपाडा, भेंडीबाजारातूनच इकडे आले. कुणी खोली अपुरी पडली म्हणून, कुणी १९९२-९३च्या दंगलीनंतर.

गेल्या सुट्टीत मी मुलाला आणि भाच्याला घेऊन मुद्दाम पायी फिरलो. मरीन लाइन्सला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत गेलो. ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. काळ्या दगडाच्या कमानी, मध्ये पाणी, पाण्यात मासे. पोरं वजू विसरून मासेच बघत बसली. १७७५ला सुरू झालेलं काम १८०२मध्ये पुरं झालं. तळं एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या बागेतलं होतं.

या मशिदीचं तारीखनाम आहे ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकाचं जहाज. उर्दूच्या अक्षरांना अब्जदप्रमाणे किंमत असते. मी दोघांना हिशेब करायला लावला. जहाज : जीम ३, हे ५, अलिफ १, झे ७, एकूण १६. आखिरत : अलिफ १, खे ६००, रे २००, ते ४००, एकूण १२०१. बेरीज १२१७. हिजरी १२१७ म्हणजे इसवी सन १८०२! पाण्यावर उभ्या असलेल्या मशिदीला जहाज म्हणायचं आणि त्याच नावात साल दडवायचं. वर्गात वर्षभर उर्दू शिकवून जे डोळे चमकत नाहीत, ते तिथे चमकले.

पुढे इमामवाड्याची मुघल मशीद पाहिली. १८६०ची, निळ्या फरशांची, घुमट नसलेली. लोक तिला इराणी मशीद म्हणतात. एका मैलाच्या आत कोकणी, इराणी, मेमन, बोहरी, सगळे. ‘मुसलमान’ म्हणजे एकच साचा समजणाऱ्यांना मी हाच रस्ता चालायला सांगेन. त्यात आपलेही लोक आलेच.

जुनं ते सगळं जपा, असं माझं म्हणणं नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर नवे टॉवर उभे राहत आहेत. राहायला पक्कं घर हवंच. पण चाळ पडली की तिचा जिना, गॅलरी, खालचं दुकान आणि त्यांच्या गोष्टीही जातात. त्या आता फक्त आपल्या म्हाताऱ्यांकडे उरल्या आहेत.

म्हणून शाळेच्या सहलीची वाट पाहू नका. ती बहुतेक वॉटर पार्कलाच जाते. एका रविवारी दादी-नानाला सोबत घ्या, त्यांची जुनी गल्ली शोधा, खोली कुठे होती ते मुलांना बोटाने दाखवू द्या. उद्या कुणी पोराला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, तर त्याने गोंधळून आपल्या तोंडाकडे बघू नये, एवढंच.

मालपुवा नंतर खा. तो कुठे पळून जात नाही.