आपल्यात पावती कसली?

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि काहींना कडू लागणार आहे. पण गेलं वर्षभर माझ्यामागे जे बोललं गेलं, त्याचं उत्तर एकेकाच्या कानात देण्यापेक्षा इथे सगळ्यांसमोर दिलेलं बरं.

आरोप असा: इंदुरातल्या एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाला जुन्या गाडीवरून ग्राहक आयोगात खेचलं आणि समाजाची अब्रू चव्हाट्यावर आणली. माझं म्हणणं एवढंच की अब्रू गेली असेल तर ती खोटं बोलून गाडी विकली त्या दिवशी गेली. तक्रार त्यानंतरची.

आधी हकीकत, म्हणजे ऐकीव गोष्टींना आळा बसेल.

जानेवारी २०२५ मध्ये मी एका कार बाजारातून २०१९ सालची पेट्रोल गाडी घेतली. ४,६०,००० रुपये, सगळे बँकेतून. मालक आपलाच, घरी मराठी, गल्ल्यावर गणपती. गाडीचा नंबर जीजे-०६, म्हणजे बडोद्याचा. "दादा, दांडिया बाजारातल्या मराठी घरातली गाडी आहे. एकहाती. काका फक्त देवळात जायला काढायचे." मी मेकॅनिक सोबत नेला होता. गाडी बायपासवर चालवून पाहिली, सर्व्हिसचा छापील रेकॉर्ड मागून घेतला. आणि विक्रीच्या कागदावर तीन ओळी लिहून मागितल्या: गाडी पुरात बुडालेली नाही, मोठा अपघात झालेला नाही, मीटर मागे फिरवलेलं नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात कुठवर चढलं होतं, ते आपण सगळ्यांनी नातेवाइकांनी पाठवलेल्या व्हिडिओंत पाहिलंच होतं. म्हणून पुराची ओळ पहिली.

तो हसला. "काय दादा, आपल्यात लिहायचं काय?" मी म्हटलं, आपल्यातच आहे तर लिहायला अडचण काय? त्याने लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

मार्चमध्ये डॅशबोर्डवरचे दिवे आपोआप लागायला लागले. मग स्टिअरिंग जड झालं. एका संध्याकाळी भंवरकुआँ चौकात, मागच्या सीटवर आई असताना, भर रहदारीत गाडी बंद पडली ती पडलीच. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये डॅशबोर्ड उघडला तर वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ. सीटखालच्या रुळांवर गंज, आणि त्या गंजावर ताजा काळा रंग. त्यांनी नोंदणी क्रमांकावरून जुना रेकॉर्ड काढला. सप्टेंबर २०२४, बडोदा, पाणी शिरलेली गाडी. मला दिलेला रेकॉर्ड जून २०२४ ला संपत होता. पुढचं पान काढून ठेवलेलं होतं.

बडोद्याच्या जुन्या मालकांना मी फोन केला. वयस्कर गृहस्थ, आवाज शांत. म्हणाले, "अहो, सीटपर्यंत पाणी होतं. आम्ही तर तुमच्या इंदूरच्या माणसाला सांगूनच दिली, म्हणून तर भाव पाडून दिला." आणि मी काही मागायच्या आत त्यांनीच विचारलं, "लिहून हवंय का तुम्हाला?" आठ दिवसांत त्यांचं शपथपत्र कुरिअरने घरी आलं. ना ओळख, ना पाळख. मंडळी, "आपला माणूस" म्हणजे कोण, हे मला त्या फोनवर कळलं.

मी लगेच आयोगात धावलो, असंही पसरवलं गेलंय. तसं झालेलं नाही. आधी दोनदा दुकानात गेलो. मग आपल्याच ज्येष्ठांनी बैठक बसवली, तिलाही गेलो. चहा झाला, चिवडा झाला. तो म्हणाला, वायरिंग बदलून देतो, वर ४०,००० रोख देतो. मी म्हटलं, विचार करतो, पण आधी कागदावर येऊ दे. काय बदलणार, किती दिवसांत, पुन्हा बंद पडली तर काय. आणि गाडी पुरातली होती हेही लिहा. तिथे बैठक मोडली. उठताना एक काका म्हणाले, "तू समाजावर अविश्वास दाखवतोयस."

मग मी नोटीस दिली, पंधरा दिवस थांबलो आणि मे महिन्यात तक्रार दाखल केली. त्यानंतर फोन सुरू झाले. त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय. तो दरवर्षी स्मरणिकेला पानभर जाहिरात देतो. अमराठी लोक काय म्हणतील. यंदाच्या संक्रांतीला दोन घरांतून माझ्या बायकोला हळदी-कुंकवाचं बोलावणं आलं नाही. गाडीचा आणि तिच्या वाणाचा काय संबंध, ते कुणी सांगेल?

आता मुद्द्यावर येतो.

आपण या गावांत कशाच्या जोरावर आलो? होळकर, शिंदे, गायकवाड यांच्यासोबत तलवारी आल्या, तशी दप्तरंही आली. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार, दफ्तरदार ही आडनावं आपण लग्नपत्रिकांवर मिरवतो. ती मुळात पदं आहेत. कुणी हिशेब लिहायचा, कुणी पत्रं, कुणी खजिन्याची नोंद ठेवायची. मुजुमदाराचं तर कामच दुसऱ्याने लिहिलेला जमाखर्च तपासायचं. आमच्या घरी दोन सख्ख्या भावांच्या वाटणीचा मोडी कागद आहे, त्यावर साक्षीदारांची नावं आहेत. तुमच्याही ट्रंकेत असा एखादा निघेल. त्या भावांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं का? होतं, आणि ते टिकावं म्हणून तर कागद केला. लेखणीच्या बळावर तीन प्रांतांत घरं बांधणाऱ्यांच्या वंशजांना आज गाडीवाल्याकडून तीन ओळी लिहून घेणं म्हणजे अपमान वाटतो, ही कुठली परंपरा?

आणि गणपतीची ५१ रुपये वर्गणी घेतली तरी कार्यकर्ता पावती फाडतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की बाप्पावर अविश्वास दाखवला. ५१ रुपयांना पावती आणि साडेचार लाखांना "आपल्यात कसली"?

दुसरी बाजू मला कळते. परमुलखात आलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांना समाज हेच कोर्ट होतं. खोली मिळायची ओळखीवर, नोकरी लागायची चिठ्ठीवर, भिशी चालायची शब्दावर. ज्येष्ठांनी सांगितलं की मिटायचं, आणि ते खरंच मिटायचं, कारण फसवणारा त्याच वाड्यात, त्याच नळावर राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याला तोंड दाखवायचं असायचं. आजचा कार बाजारवाला मोबाइलवर चार शहरांत गाड्या विकतो. ज्येष्ठांच्या रागाचं त्याला काही पडलेलं नाही. त्याच्या जाहिरातीचं मात्र आपल्याला पडलेलं आहे. म्हणून बैठकीतला दबाव येतो तो ज्याचं नुकसान झालंय त्याच्यावर. त्याला गप्प करणं सोपं असतं. याला मी सलोखा म्हणणार नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. शेवटी प्रकरण मिटलं ते समजुतीनेच! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मध्यस्थीची सोय आहे. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. आम्ही दोघं पुन्हा एका टेबलाशी बसलो. त्याचे मुद्दे दोनच होते. एक, कागदाच्या तळाशी "गाडी जशी आहे तशी" असं बारीक छापलेलं आहे. दोन, मी गाडी तपासून घेतली होती. पण त्याच कागदावर वर त्याच्या हाताने "पुरात बुडालेली नाही" असं लिहिलेलं होतं. आणि मालविक्रीचा १९३० चा कायदासुद्धा नेहमीच्या तपासणीत दिसू शकणारा दोष आणि न दिसणारा दोष यांत फरक करतो. डॅशबोर्डच्या पोटातला गाळ कुठला गिऱ्हाईक पाहणार? बडोद्याचं शपथपत्र समोर ठेवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. फेब्रुवारीत ठरलं: गाडी त्याने परत घ्यायची, ४,६०,००० दोन चेकने द्यायचे, मी मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च सोडला. दोघांनी सह्या केल्या. दोन्ही चेक वटले. चहाच्या बैठकीत जे झालं नाही ते तिथे झालं, कारण तिथे शब्द कागदावर आला आणि मोडला तर विचारणारं कुणी होतं.

ज्यांच्या घरात असाच घोळ चालू आहे आणि जे लाजेने गप्प आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. वकील केलाच पाहिजे असं नाही. गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावच्या माणसाने गोव्यातून गाडी घेतली तर पणजीच्या खेपा घालायला नकोत. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरी बसून तक्रार दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. बिल किंवा पावती न देणं याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून धरलेलं आहे. तेव्हा पावती मागताना ओशाळं होऊ नका. न देणाऱ्याने ओशाळावं.

मात्र हे सगळं व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीचं. शेजाऱ्याकडून किंवा मावसभावाकडून घेतली तर ग्राहक आयोग मदतीला येत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. म्हणजे जिथे नातं जास्त, तिथे कागद जास्त हवा. उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे.

जे गाडी विकतायत त्यांनीही ऐका. आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून किल्ली दलालाच्या हातात द्यायची पद्धत आहे, "आपलाच आहे, करेल ट्रान्सफर" म्हणून. नोंदणी तुमच्या नावावर असताना त्या गाडीने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईसाठी दार तुमचं वाजतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी वर द्यायची असते. ती दिली की पुढची जबाबदारी त्याची. "तुमचं अधिकारपत्र दाखवा" हे वाक्य मराठीत छान म्हणता येतं, म्हणून बघा.

मंडळांना माझी विनंती नाही, मागणी आहे. समाजातल्या भांडणाची बैठक जरूर बसवा, पण जे ठरेल ते लिहा आणि दोन्ही बाजूंना प्रत द्या. लिहायला कोण तयार नाही एवढं पाहिलंत तरी अर्धा निवाडा तिथेच होईल. आणि तक्रार करणाऱ्याच्या बायकापोरांना समारंभातून वगळायचं बंद करा. जाहिरात कुणाची घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण जाहिरातीचे पैसे घेऊन न्याय करू नका.

त्या गाडीवाल्याशी माझं वैर नाही. त्याने पैसे दिले, प्रकरण संपलं, म्हणून इथे त्याचं नाव नाही आणि कॉमेंटमध्येही कुणी घेऊ नये. अविश्वासाचा ठपका ठेवणारे काकाही मला परके नाहीत. काका, पुढच्या वेळी कुणाचंही भांडण असो, बैठकीला मला बोलवा. चहा-चिवडा तुमचा. कोरा कागद आणि पेन मी आणतो.