हजार ओळींची मेथड म्हणजे मर्दुमकी नव्हे

"चालतंय ना? मग हात लावू नकोस." पंधरा वर्षं या धंद्यात काढली, आणि प्रत्येक प्रोजेक्टवर कुणी ना कुणी मला हे ऐकवलंच. हे शहाणपण नाही, भेकडपणा आहे.

मागे कर्जावरचं व्याज काढणारी एक मेथड माझ्या गळ्यात पडली. ११४० ओळी. वर जाहीर केलेला 'फ्लॅग२' तीनदा बदलून आठशेव्या ओळीला वापरलेला. इफमध्ये इफ, त्यात फॉर, त्यात परत इफ. कुठला कंस कुठे मिटतो ते स्क्रीनवर बोट ठेवून बघावं लागे. दंडव्याजात एका रुपयाचा फरक पडत होता. तो शोधण्यात दोघांचे नऊ दिवस गेले. दुरुस्ती एका ओळीची निघाली. याला 'चालणं' म्हणायचं? लिहिणारे पगारवाढ घेऊन दुसरीकडे गेले. रात्री प्रॉडक्शन पडलं की फोन उचलायचा तो कालच रुजू झालेल्या पोरांनी.

उपाय नवा नाही: मोठी मेथड फोडून लहान, नाव असलेले तुकडे करायचे. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली कोडमधल्या वाटा मोजायची रीत दिली आणि मर्यादा सुचवली दहाची. मार्टिन फाउलर यांचं 'रिफॅक्टरिंग' हे पुस्तक १९९९ साली आलं. तरीही एस्टिमेटमध्ये या कामाला तास नसतात, आणि आपणही ते मागत नाही. हा आपला दोष आहे.

नुसत्या ओळी मोजून 'प्रोसेस१', 'प्रोसेस२' असे तुकडे पाडणारेही तितकेच दोषी. तुकडा बाहेर काढताना त्याला सात पॅरामीटर द्यावे लागत असतील, तर कापायची जागाच चुकली आहे. सरळ नाव सुचत नसेल, तर तो तुकडा काय करतो हे अजून तुम्हालाच कळलेलं नाही.

आम्ही आधी टेस्ट लिहिल्या. जुनी मेथड आज जे आकडे देते ते जसेच्या तसे, चुकीचे असले तरी, पकडून ठेवणाऱ्या. मग एका वेळी एकच तुकडा: बाहेर काढा, नाव द्या, टेस्ट चालवा, कमिट करा. तीन आठवडे लागले. मुख्य मेथड आता ३८ ओळींची आहे, आणि दंडव्याज 'दंडव्याज काढा' याच नावाखाली सापडतं. पुढच्या महिन्यात दर बदलला तेव्हा टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने तो बदल कुणालाही न विचारता दुपारच्या जेवणाआधी करून दिला.