वेनिझेलोस आणि सत्तेची सीमा

राष्ट्राची सीमा वाढविणें अवघड खरें. परंतु हातीं आलेल्या सत्तेस आपणच सीमा घालून घेणें त्याहूनही अवघड. हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ग्रीसचे मुत्सद्दी एलेफ्थेरिओस वेनिझेलोस यांचें चरित्र पाहावें.

१८६४ सालीं क्रीट बेटांत जन्मलेले हे गृहस्थ धंद्यानें वकील. १९१० मध्यें ते ग्रीसचे मुख्य प्रधान झाले व पुढल्याच वर्षीं त्यांनीं राज्यघटना सुधारून घेतली. सरकारी नोकरांस नोकरीची शाश्वती आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत, हीं कलमें तींत आलीं. आधीं घर सांवरलें, मग शिवेबाहेर पाऊल टाकलें. म्हणूनच १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीसचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला.

पुढें महायुद्धांत कोणाची बाजू घ्यावी यावरून राजा कॉन्स्टंटाइन यांच्याशीं त्यांचें बिनसलें. १९१६ मध्यें त्यांनीं थेस्सलोनिकी येथें निराळें सरकार स्थापिलें, आणि एका राष्ट्राचीं दोन शकलें झालीं. ऑगस्ट १९२० मध्यें सेव्हरच्या तहानें मोठा लाभ पदरांत पडला. पण त्याच नोव्हेंबरांत मतदारांनीं त्यांस पाडलें. हा कौल शिरसावंद्य मानून ते देशाबाहेर गेले. १९२२ मध्यें आशियामायनरांत ग्रीक सैन्याची धूळधाण होऊन लक्षावधि लोक निर्वासित झाले, त्याचें खापर केवळ नंतरच्या प्रधानांवर फोडतां येणार नाहीं; १९१९ मध्यें स्मिर्ना येथें सैन्य उतरविण्याचें धोरण वेनिझेलोस यांचेंच होतें.

तथापि पराभवापासून ते शिकले. पुन्हां अधिकारावर येतांच १९३० मध्यें त्यांनीं अंकारा येथें जाऊन तुर्कस्थानाशीं सख्य केलें, आणि १९३४ मध्यें जुने शत्रु मुस्तफा केमाल यांचेंच नांव नोबेल शांतता पारितोषिकासाठीं सुचविलें. आमच्या मतें हा विजय सर्व युद्धांहून थोर होय.

मग उतरत्या वयांत हा विवेक कां सुटावा? १९३३ च्या निवडणुकींत त्यांचा पक्ष हरला, आणि १९३५ च्या मार्चांत त्यांनीं लष्करी बंडास पाठिंबा दिला. कोणी म्हणेल, प्रजासत्ताक वांचविण्यासाठींच तें बंड होतें. असेल; पण फळ काय मिळालें? बंड फसलें, त्याच वर्षीं राजसत्ता परत आली, आणि १९३६ मध्यें पॅरिस येथें परागंदा स्थितींत त्यांचा अंत झाला.

हेतु शुद्ध आहे एवढ्यावरून जो कायदा ओलांडतो, तो प्रतिपक्षासही तीच वाट मोकळी करून देतो. मतपेटीचा कौल अनुकूल असतां कोणीही मानील. तो प्रतिकूल असतां मानणें, हीच लोकनायकाची खरी कसोटी.