वरच्याचे अंगण, खालच्याचे घर

आमच्या सोसायटीच्या आवारात पूर्वी माती होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, चपला भरायच्या, स्कूटर घसरायची. एका सर्वसाधारण सभेत ठराव आला की, सगळ्या आवारात फरशी घालावी. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझेही मत होते. पुढच्या पावसाळ्यात आवार कसे लख्ख दिसले! सर थांबली की अर्ध्या तासात सारे कोरडे. पाणी गेले कुठे, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. ते फाटकाबाहेर गेले होते आणि आमच्यापुरता विषय मिटला होता.

फाटकाबाहेर गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत पाणी घरांत घुसले, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. पुणेकरांना पूर म्हटला की १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते. पण पानशेतला धरण फुटले होते. २०१९ मध्ये कोणतेही धरण फुटले नाही. एरवी ज्याच्याकडे आपण वळूनही पाहत नाही, त्या ओढ्याने हे केले.

दोष एकट्या ओढ्याला कसा द्यावा? त्याला पूर्वी वाटेत विसाव्याच्या जागा होत्या. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला. पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याचे पाणी अडवून आणखी एक मोठे तळे केले. आज तिथे सारसबाग आहे. विस्तीर्ण तळे गेले, ‘तळ्यातला गणपती’ हे नाव राहिले. उतारावरची शेते, परसे, मोकळी माळराने एकेक करून इमारतींखाली गेली. ओढ्याचे पात्र अरुंद झाले आणि त्यात येणारे पाणी मात्र वाढले.

किती वाढले, याचा अंदाज घरबसल्या करता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा गुंठ्यांची सोसायटी म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या जागेत पन्नास हजार लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे पाच टँकर! गच्ची आणि फरशी यांतले जवळजवळ काहीच राखत नाही. गंमत अशी की, जूनमध्ये हे पाच टँकर रस्त्यावर सोडून देणारी हीच सोसायटी एप्रिल-मे महिन्यांत टँकरवाल्याची वाट पाहत असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण गावोगावच्या भिंतींवर रंगवली. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जिरायला लावा, असे आपण शेतकऱ्याला सांगितले. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार ही गावे त्यातूनच उभी राहिली. शहरात मात्र आपण नेमके उलटे केले. चालत्या पाण्याला पाइपात घालून धावायला लावले आणि ते तुंबले की पाइप मोठा करण्याची मागणी केली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यांची क्षमता दुप्पट करावी, असे १९९३ च्या अहवालाने सुचवले. ते हवेच होते. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्याला पुरेल असा पाइप कुठून आणणार?

खेड्यातला बांध शहरात आणायचा तर त्याचे रूप बदलावे लागेल. आपल्या बागा रस्त्यापेक्षा उंच असतात. त्या थोड्या खोलगट हव्यात, म्हणजे रस्त्याचे पाणी त्यांत उतरेल. पदपथावरच्या झाडाला सिमेंटचा चौथरा कशाला? मोठे आळे करावे आणि पदपथाच्या कडेला खाच ठेवावी. वाहनतळावर सलग काँक्रीटऐवजी जाळीचे ठोकळे बसवून मधे गवत वाढू द्यावे. गच्चीचे पाणी गाळून विहिरीत, टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. आणि ओढ्याकाठी जी थोडीफार मोकळी जागा उरली आहे, तिला हात लावू नये.

यावर आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. पुण्याच्या पोटात काळा पाषाण आहे, तो पाणी सावकाश पितो. म्हणून इथे जिरवण्याइतकेच काही तास थोपवून धरण्यालाही महत्त्व आहे. डासांची भीती खरी. पण दोन दिवसांत ओसरेल एवढेच पाणी साठवले, तर तीही राहत नाही. चीनने २०१५ पासून अनेक शहरांत पाणी शोषणाऱ्या बागा, पाणथळी यांवर मोठा खर्च केला. त्यांतल्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ रोजी तासाभरात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि शहर बुडालेच. असा प्रलय बागा रोखत नाहीत. मात्र दर वर्षी चार-सहा वेळा येणाऱ्या मोठ्या सरींचा जोर त्या नक्की मोडतात.

पण माझ्या मते प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा नाही. पाणी वरून खाली वाहते. आपल्या शहरांत उतारावर सोसायट्या आहेत आणि ओढ्याकाठी पत्र्याची घरे. वरच्याने अंगण कोरडे ठेवायचे आणि त्याची किंमत खालच्याने भांडीकुंडी, पुस्तके, कधी घरातले माणूस देऊन चुकवायची, हा कुठला शेजारधर्म? महापालिकेने कामे करावीतच. त्यासाठी आपण नगरसेवकाला जाब विचारतोच. पण पावसाचा पहिला थेंब महापालिकेच्या गटारात पडत नाही, तो आपल्या गच्चीवर पडतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. कुंपणालगतच्या दोन ओळी फरशा उखडून तिथे पुन्हा माती भरावी आणि गच्चीचा पाइप त्या मातीत सोडावा. चिखल होईल, अशी तक्रार येणार. होऊ द्या थोडा चिखल. तो निदान आपल्याच दारात असेल.