वन्यप्राण्यांची चोरटी शिकार व खात्याखात्यांतील सहकार

पैनगंगेच्या काठी शेती करणाऱ्यास खरिपात दुहेरी राखण करावी लागते. दिवसा किडीशी झुंज आणि रात्री रानडुकरांशी. उमरखेड तालुक्याच्या ज्या भागास लोक ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतात, त्या कोरटा, मोरचंडी, दराटी, बिटरगाव या बाजूच्या गावांत तर पेरणीपासून मळणीपर्यंत जागल चुकत नाही. पैनगंगा अभयारण्याची हद्द आणि शेताचा धुरा यांमध्ये पुष्कळ ठिकाणी एखादी बैलवाटच काय ती असते. तूर शेंगेवर आली, मका निसवला किंवा उसाने कांड्या धरल्या, की डुकरांचा कळप एका रात्रीत दोन-चार महिन्यांची मेहनत मातीस मिळवतो. या परिस्थितीचा विचार न करता चोरट्या शिकारीसंबंधी बोलणे म्हणजे रोगाचे मूळ सोडून पानावरचे डाग पुसत बसण्यासारखे होय.

चोरटी शिकार म्हटली म्हणजे बंदूकधारी परका इसम डोळ्यांपुढे येतो. असे शिकारी आहेत, नाही असे नाही. जानेवारी 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे परप्रांतीय टोळीतील शिकारी सापडले आणि तपासाचे धागे पार मेघालयापर्यंत पोहोचले. त्यापूर्वी 2013 च्या सुमारास मेळघाटात अशाच टोळ्यांनी वाघ मारल्याचे उघडकीस आले होते. परंतु यवतमाळ जिल्ह्यापुरते पाहिले तर प्राण्याच्या मरणाचे साधन बहुधा बंदूक नसते. ते असते कुंपणाची जिवंत तार, मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास, कणकेत गुंडाळलेला गावठी बॉम्ब किंवा मारलेल्या जनावरावर टाकलेले कीटकनाशक. एप्रिल 2021 मध्ये याच जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या जंगलात, एका गर्भार वाघिणीस गुहेपाशी ठार करण्यात आले. तिच्या गळ्यात तारेचा फास होता व पंजे तोडून नेलेले होते. अटक झाली ती त्याच परिसरातील माणसांना.

या घटनेवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. गावात कोणी तारा लावतो, कोणाची गाय वाघाने मारली आहे, कोण पंजे व नखे विकत घेण्यास फिरत आहे, या बातम्या वनरक्षकाच्या कानी येण्यापूर्वी गावास ठाऊक असतात. गावाशी रोजचा संबंध असलेली सरकारी माणसे वनखात्याबाहेरच अधिक आहेत. दुसरे असे की, पिकाच्या रक्षणासाठी लावलेली तार आणि शिकारीसाठी लावलेली तार यांत वाघाच्या दृष्टीने काहीच भेद नाही. शेतकऱ्याने डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या सापडला, की त्याचे कातडे पुरून टाकायचे की विकायचे एवढाच प्रश्न उरतो. आणि त्या वेळी गावात नेमका एखादा गिऱ्हाईक हजर होतो. संकटात सापडलेला शेतकरी असा गुन्हेगाराच्या हाती जातो.

कायदा या बाबतीत कठोर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वाघ, बिबट्या, अस्वल, खवल्या मांजर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीस किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावासाची तरतूद आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली आणि दंडाच्या रकमाही वाढल्या. तारेला माणूस चिकटून मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा निराळा आणि वीजचोरीबद्दल विद्युत अधिनियम, 2003 निराळा. पहाटे पाण्याची पाळी बघण्यास निघालेला शेजारी, सरपणास गेलेली बाई, चुकार वासरू यांपैकी कोणीही त्या तारेवर जाऊ शकते. विदर्भात असे बळी वारंवार पडलेले आहेत. धुऱ्यावरची तार डुकरासाठी लावली होती, हा बचाव न्यायालयात टिकत नाही. आणि तो टिकू नये हेच योग्य.

मग शेतकऱ्याने करावे तरी काय? येथे शेतीखात्याचे काम सुरू होते आणि ते आजवर जितके व्हावयास हवे होते तितके झालेले नाही, असे म्हणणे भाग आहे. पुष्कळ गावांत ‘झटका मशीन’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू मोडतात. खऱ्या सौर कुंपणाचे यंत्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ते तारेत साधारणतः सेकंदाला एक असा उच्च दाबाचा ठोका सोडते. ठोक्याचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी तो सेकंदाच्या अगदी अल्प अंशापुरताच टिकतो. प्राणी दचकून मागे सरतो, मरत नाही. याउलट घरगुती वा पंपाच्या लाइनवरून सरळ जोडलेल्या तारेत 230 व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. एकाने प्राणी शहाणा होतो, दुसऱ्याने तो मरतो. हा फरक प्रत्यक्ष यंत्र उघडून शेतकऱ्यास दाखविला पाहिजे. सौर कुंपणाखालचे गवत वेळोवेळी कापले नाही तर वीज गवतातून जमिनीत झिरपते आणि यंत्र निकामी ठरते. सर्वांत खालची तार जमिनीपासून फार उंच राहिली तर डुक्कर तिच्याखालून शिरते. पुष्कळ शेतकरी ‘सौर कुंपण चालत नाही’ म्हणून नंतर लाइन जोडतात, त्याचे कारण एवढेच क्षुल्लक असते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांत सौर कुंपणास अनुदान मिळते. ही योजना वनखात्याची. परंतु यंत्र बसल्यावर त्याची निगा शिकविण्यास शेतीखात्याचा माणूस गेला तरच तिचे चीज होते.

विषाचा प्रश्न तर शेतीखात्याच्या दाराशीच येऊन ठेपतो. कीटकनाशक अधिनियम, 1968 खाली निरीक्षकाचे अधिकार शेती अधिकाऱ्यांकडे आहेत. वाघाने गाय मारली, की रागाच्या भरात तिच्यावर दाणेदार कीटकनाशक टाकण्याची खोड काही भागांत दिसून आली आहे. त्याने वाघ मरतो, पाठोपाठ कोल्हे, कुत्री, गिधाडे मरतात आणि ते विष पावसाने ओढ्यात उतरते. फोरेटसारखे अतिविषारी द्रव्य 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद करण्यात आले आहे. तेव्हा जुना साठा कोणाच्या दुकानात व कोणाच्या गोठ्यात पडून आहे हे पाहणे हे नुसते परवान्याचे काम नव्हे, ते वन्यजीव रक्षणाचेही काम आहे. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर दगावले. विष हाताळण्यातील बेफिकिरी माणूस व जनावर असा भेद करीत नाही, हे या जिल्ह्याइतके कोणास सांगावे लागू नये.

वीज मंडळाचे, म्हणजे आजच्या महावितरणचे, साहाय्य याहूनही मोलाचे ठरेल. शिकारी जेव्हा 11 हजार व्होल्टच्या लाइनवर आकडा टाकून जंगलातून तार ओढतात, तेव्हा प्राणी चिकटताच किंवा तार जमिनीस लागताच उपकेंद्रातील फिडर पडण्याचा संभव असतो आणि त्या वेळेची नोंद राहते. ऑपरेटर फिडर पुन्हा चालू करतो व प्रकरण तेथेच संपते. तीच वेळ व त्या लाइनीचे नाव त्याने वनपरिक्षेत्र कार्यालयास लगेच फोनने कळविले, तर पहाटेपूर्वी गस्त जागेवर पोहोचू शकेल. यास नवा कायदा नको, नवे पद नको. दोन कार्यालयांतील भिंतींवर एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेले असले म्हणजे पुरे. शेतीपंपास रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्यास अंधारात शिवारात जावे लागणार नाही, आणि कुंपणास लाइन जोडण्याचा मोहही कमी होईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची ही बाजू क्वचितच बोलून दाखविली जाते.

आता पोलिस व वनखाते यांच्या संबंधाविषयी. शिकारीच्या गुन्ह्यात नुसत्या पोलिसी कारवाईने भागत नाही. अधिनियमाच्या कलम 55 नुसार न्यायालय दखल घेते ती अधिकृत अधिकाऱ्याने केलेल्या तक्रारीवरून. तसेच कलम 50 खाली सहायक वनसंरक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदविलेला पुरावा खटल्यात ग्राह्य धरता येतो. पोलिसांजवळ दिलेल्या कबुलीस ते मोल नाही. उलट मोबाइलचे संभाषण-तपशील, फरारी इसमाचा माग, परजिल्ह्यातील अटक ही कामे पोलिसांच्या हातोटीची. वनखात्याजवळ कायद्याचे अधिकार आहेत पण माणसे थोडी. पोलिसांजवळ तपासाचे साधन आहे पण जंगलातील खुणा वाचण्याचा सराव नाही. मेळघाटात 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्पाने स्वतंत्र गुन्हे कक्ष उभारला आणि दूरध्वनीच्या नोंदींवरून टोळ्यांचा माग काढला, तो याच जाणिवेतून. केंद्र शासनाने 2007 मध्ये स्थापन केलेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोची रचनादेखील वन, पोलिस व सीमाशुल्क या खात्यांतील माणसे एकत्र आणूनच करण्यात आली. दिल्लीत जे सुचले ते बिटरगावात अशक्य का असावे?

उमरखेडची अडचण हद्दीची आहे, आणि ती विशेष चिकट आहे. अभयारण्य वन्यजीव विभागाकडे, त्याभोवतालचे जंगल प्रादेशिक वनविभागाकडे. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा, निराळे पोलिस अधीक्षक, निराळा महसूल विभाग. खटला उच्च न्यायालयात गेला तर अलीकडचा नागपूर खंडपीठापुढे आणि पलीकडचा छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे. किनवटपुढे आणखी थोडे गेले की तेलंगण राज्य. सागवान चोरांनी या हद्दींचा फायदा कैक वर्षे घेतला. नदीच्या एका तीरावर झाड पडते, दुसऱ्या तीरावर ते गाडीत चढते. ज्या वाटांनी सागवान जाते त्याच वाटांनी कातडेही जाईल, हे वेगळे सांगावयास नको.

वाघास मात्र या हद्दी ठाऊक नाहीत. टिपेश्वर अभयारण्यातील गळापट्टा लावलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला, महाराष्ट्र व तेलंगणातील कित्येक जिल्हे ओलांडून त्याच वर्षअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे नऊ महिन्यांत त्याची चाल 3,000 किलोमीटरहून अधिक भरली. ही वाट कापूस, सोयाबीन व तुरीच्या शिवारांतून, नाल्याओढ्यांच्या काठाने होती. एवढ्या वाटेवर एकही जिवंत तार त्याच्या आड आली नाही, हा योगायोग म्हणावा. प्रत्येक वाघाच्या बाबतीत योगायोगावर विसंबता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नुकसानभरपाईची. पंचनामा लवकर झाला आणि पैसे हंगामात हाती पडले तर शेतकरी तारेकडे वळत नाही. पंचनामा लांबला तर त्यास दुसरे कोणी वाली नाही असे वाटू लागते. या पंचनाम्यास वनखाते, महसूल आणि शेतीखाते अशा तिघांची गरज लागते. तिघांपैकी एक जण बैठकीस, दुसरा निवडणुकीच्या कामावर आणि तिसऱ्याकडे चार गावांचा अधिभार असला, की डुकरांनी मोडलेला मका गुरांच्या दावणीला जातो आणि पंचनाम्यास शेतात धसकटेच उरतात. येथे होणारा आठ दिवसांचा उशीर हा शिकाऱ्याच्या पथ्यावर पडतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये वन्यप्राण्यांमुळे होणारी पीकहानी खरीप 2026 पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून समाविष्ट करण्याचे जाहीर केले. त्यात 72 तासांच्या आत छायाचित्रासह कळविण्याची अट आहे. कोणत्या जिल्ह्यांत व कोणत्या प्राण्यांसाठी हे लागू व्हावे ते राज्याने अधिसूचित करावयाचे आहे. म्हणून बंदी भागातील नुकसानीच्या नोंदी नीट ठेवणे आतापासूनच अगत्याचे आहे.

‘डुकरे मारण्याची सरसकट मोकळीक द्या, म्हणजे प्रश्न मिटेल,’ असे काहींचे म्हणणे असते. पिकास उपद्रव देणाऱ्या प्राण्याच्या पारधीस कलम 11 खाली अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने वाट आहे, आणि ती वाट आजच्यापेक्षा सोपी व जलद असावी, ही मागणी रास्त आहे. परंतु सरसकट मोकळीक म्हणजे प्रत्येक धुऱ्यावर तार व फास. डुकरे फार विणतात, थोड्याच काळात पुन्हा तितकीच होतात. फासात मात्र अडकतात ते दुर्मीळ प्राणी. मांडुळाचेच उदाहरण घ्यावे. शेतातील उंदीर खाणारा हा निरुपद्रवी साप गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी लाखांच्या बाता मारून विकला जातो आणि उंदरांसाठी मग शेतकऱ्यास औषध विकत आणावे लागते.

उमरखेड येथे खरिपापूर्वी, मे महिन्यात, तहसीलदारांनी एक बैठक बोलवावी. तीस वन्यजीव व प्रादेशिक अशा दोन्ही शाखांचे वनाधिकारी, उमरखेड, बिटरगाव व दराटी येथील ठाणेदार, महावितरणचे उपविभागीय अभियंता, पशुवैद्यकीय अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि बंदी भागातील सरपंच असावेत. हिमायतनगर, किनवट व माहूर येथील अधिकाऱ्यांस निमंत्रण अवश्य जावे, कारण त्यांच्यावाचून ही बैठक नदीच्या एकाच काठावर भरेल. पंचनाम्याचे वार ठरावेत, प्रत्येक गावी कोणी जावयाचे ते नावानिशी लिहिले जावे, सौर कुंपणाचे प्रात्यक्षिक कोणत्या शेतात व्हावयाचे ते नक्की व्हावे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास मृत प्राण्याचे नमुने कोणत्या पद्धतीने घेऊन प्रयोगशाळेस पाठवावयाचे याची उजळणी तेथेच व्हावी. नमुना बिघडला म्हणजे खटलाही बिघडतो. वनखात्याचा 1926 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक गावोगावी सहकारी सोसायटीच्या व खतविक्रीच्या दुकानांच्या फळ्यावर रंगवून घ्यावा. बी-बियाणे घेण्यास त्या दुकानी जूनमध्ये तालुक्यातील बहुतेक शेतकरी येतोच.