मुलाचा गुन्हा, मुलीची भीती

रिमांड होममध्ये मुलगे जास्त, मुली कमी. यावरून सर्रास म्हटलं जातं की मुली मुळात गुन्हे कमी करतात, आणि ज्या बालगृहात येतात त्यांना सरकार आसरा देतं. पहिलं विधान आकड्यांपुरतं खरं आहे. दुसरं मला मान्य नाही.

सतरा वर्षांची मुलगी घरातून निघून जाते. बाप पोलीस ठाणं गाठतो. फिर्यादीत ठरलेलं वाक्य उतरतं: ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले.’ ती ठरवलेलं लग्न टाळायला मावशीकडे गेलेली असो, मार असह्य होऊन की मित्राचा हात धरून, वाक्य बदलत नाही. सापडली की वैद्यकीय तपासणी, मग बालकल्याण समिती. घरी जायला ती नाही म्हणाली, किंवा घरच्यांनीच दार लावलं, तर बालगृह. मित्रही सतराचाच असेल तर तो पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो, कारण 2012 पासून अठराच्या आतल्या संमतीला कायद्यात किंमत नाही.

याला संरक्षण म्हणणाऱ्यांनी 2015 चा बाल न्याय कायदा नीट वाचावा. मुलाला जामीन देणं हा त्यात नियम आहे आणि दोषी ठरल्यावरच्या विशेष गृहातल्या मुक्कामाला तीन वर्षांची मर्यादा आहे. गुन्हाच नसलेल्या मुलीला जामीन कशाचा मागायचा? तिला अठरा पूर्ण होईपर्यंत बालगृहात ठेवता येतं.

मुलींचा व्यापार होतो, धोका खरा आहे, हा आक्षेप मी पूर्णपणे मानतो. पण धोका काय फक्त मुलीलाच? दारुड्या बापाच्या पट्ट्याला भिऊन पोरगा कल्याण स्टेशनवर झोपायला लागतो. बेपत्ता बालकाचा गुन्हा नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश त्यालाही लागू आहे. तरी घरचे म्हणतात, ‘मुलगाच तो, भूक लागली की येईल.’ त्याने मोबाईल हिसकावला की मगच यंत्रणेला तो दिसतो, आणि तेव्हा पाठीवरचे वळ कोणी पाहत नाही.

ही जुनी खोड आहे. आपल्या 1986 च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक होता, मुलगी अठरापर्यंत. 2000 साली ते एक झालं. न्यूयॉर्कमध्येही ‘हाताबाहेर गेलेल्या’ मुलांसाठी हेच दोन आकडे होते, ते तिथल्या न्यायालयाने 1972 मध्ये रद्द केले. वयं जुळली, नजर तशीच राहिली.

बालकाचं म्हणणं ऐकावं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, ही तत्त्वं आजच्या कायद्यात लिहिलेलीच आहेत. ती पाळायची तर मुलीशी आईबापांना बाहेर बसवून बोलायला हवं, आणि तिची इच्छा डावलली तर समितीने कारण आदेशात लिहायला हवं. आणि मुलाच्या सामाजिक तपासणी अहवालात चोरीच्या आधी घरी काय होत होतं, हे परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याच्या वस्तीत जाऊन, शेजाऱ्यांना विचारून नोंदवायला हवं.